जुन्या लहान डिझेल एसयूव्हीचा दम घाटात पुन्हापुन्हा का तुटतो: रीमॅप करण्याआधीची तपासणी

चार मीटरच्या आत बसणारी, आठ-दहा वर्षे वापरलेली, टर्बो (जळलेल्या वायूच्या जोराने फिरून इंजिनात हवा दाबणारे यंत्र) असलेली डिझेल एसयूव्ही इंदूर शहरात कसलीही कुरकूर न करता चालते, उज्जैन-देवासला जाऊन येते. परंतु ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात किंवा महेश्वरहून येताना मानपूरच्या चढावर, गाडीत चार-पाच माणसे व सामान असताना आणि एसी सुरू असताना, तिची ताकद एकाएकी निघून जाते. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी आरपीएम अडीच-तीन हजारांच्या पुढे सरकत नाही, इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये रेटावा लागतो. गाडी कडेला थांबवून, बंद करून, थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली की बहुधा सर्व काही पूर्ववत होते. शहरात आल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जातो, डिझेल फिल्टर बदलला जातो, आणि पुढच्या घाटापर्यंत सगळे शांत असते.

या टप्प्यावर मालकाला कोणीतरी रीमॅपचा सल्ला देतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधील आकडे बदलून घ्यावेत किंवा ट्यूनिंग बॉक्स बसवावा, म्हणजे गाडी तरुण होईल, असे त्याला सांगितले जाते. काम झाल्यावर काही आठवडे गाडी खरोखरच चपळ वाटते. मग तोच दोष परत येतो, आणि या वेळी घाटाच्या पायथ्याशीच येतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिन-चाचणीच्या विभागात काम केल्यामुळे रामबाग, सुदामा नगर, टिळक नगर या भागांतील आपल्या बऱ्याच मंडळींच्या अशा गाड्या माझ्यासमोर येतात. त्यांतील बहुतेक इंजिनांना नव्या ताकदीची गरज नसते. कारखान्यातून निघताना जी ताकद त्यांच्यात होती, तिच्यातील पाचवा हिस्सा वाटेत कुठे गळाला हे कोणी शोधलेले नसते. गळती तशीच ठेवून केलेले रीमॅप टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे समजून घेतले तर दोष शोधण्याची दिशाही त्यातूनच मिळते.

दोष घाटातच का उघडा पडतो

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे, तर धामनोद, महेश्वर, बडवाह ही निमाडातील गावे नर्मदेच्या खोऱ्यात दीड-दोनशे मीटरच्या आसपास आहेत. त्यामुळे जाताना उतार आणि येताना चढ. मे महिन्यात निमाडातील दुपारची हवा माळव्याहून अधिक तापलेली असते, माणसे थकलेली असल्यामुळे एसी पूर्ण क्षमतेने चालू असतो, आणि ट्रकांच्या मागे रांगेत चढताना गाडीचा वेग कमी असल्यामुळे रेडिएटरवर व इंटरकूलरवर (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर) पुरेशी हवा आदळत नाही. इंजिनावर पूर्ण भार सलग काही मिनिटे टिकण्याचा प्रसंग इंदुरातील रोजच्या वापरात जवळजवळ येतच नाही; पलासिया ते राजवाडा या रस्त्यावर टर्बोला पूर्ण दाब तयार करण्याची संधीच मिळत नाही.

इंजिनाचा कॉम्प्युटर प्रत्येक क्षणी टर्बोकडून किती दाब हवा हे ठरवतो आणि सेन्सरकडून प्रत्यक्ष किती मिळाला हे पाहतो. हा फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक राहिला आणि तो काही सेकंद टिकला, की तो कोड नोंदवतो आणि इंजिनाला वाचवण्यासाठी डिझेल कमी करून टाकतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. शहरात हा फरक क्षणभरच राहतो म्हणून कोड लागत नाही, घाटात तो टिकतो म्हणून लागतो. म्हणजे कोड पुसल्यानंतर गाडी महिनाभर बरी चालली याचा अर्थ दोष गेला असा मुळीच होत नाही.

रीमॅपनंतर दोष लवकर का येतो याचेही उत्तर येथेच आहे. रीमॅपमध्ये मागितलेला दाब वाढवलेला असतो. फाटक्या पाइपातून किंवा अडकलेल्या टर्बोतून मिळणारा दाब मात्र तेवढाच राहतो. मागणी आणि पुरवठा यांतील अंतर वाढते, आणि कॉम्प्युटर अधिक लवकर हात आखडता घेतो.

हवेच्या घनतेचा एक साधा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंदूरच्या उंचीवर वातावरणाचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. जानेवारीतील १० अंशांच्या सकाळी एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१७ किलो भरते, मे महिन्यातील ४२ अंशांच्या दुपारी ते १.०५ किलोपर्यंत उतरते. म्हणजे त्याच शहरात, त्याच इंजिनाला, ऋतू बदलताच दहा टक्के हवा कमी मिळते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. हिवाळ्यात जेमतेम निभावून गेलेली बारीक गळती उन्हाळ्यात निभावत नाही, ती यामुळे.

आधी आकडे, मग पाना

ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था भारतात बीएस-४ (भारत स्टेज-४ हे धुराचे मानक) गाड्यांसाठी एप्रिल २०१३पासून आवश्यक झाली, त्यामुळे येथे विचारात घेतलेल्या वयाच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट सापडते. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. गाडी चालवणाऱ्याने त्याकडे पाहू नये. शेजारी बसलेल्याने पाहावे, किंवा नोंद साठवून घरी आल्यावर वाचावी. पूर्ण भाराची चाचणी रिकाम्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पंधराशेपासून साडेतीन हजार आरपीएमपर्यंत एकदाच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून करावी, आणि तीही वेगमर्यादेच्या आत. (पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी आहे. इंदुरातील सुपर कॉरिडॉर हा रस्ता म्हणजे ती नव्हे, हे काही तरुणांना पुन्हापुन्हा सांगावे लागते.)

पहिला आकडा इंजिन सुरू न करताच घ्यावा. किल्ली फिरवून फक्त दिवे लागू द्यावेत आणि इनटेक मॅनिफोल्डचा दाब, म्हणजे मॅप, वाचावा. इंजिन बंद असल्यामुळे तेथे बाहेरच्या हवेचाच दाब असायला हवा. इंदुरात तो ९५च्या आसपास दिसला पाहिजे. तो ८५ किंवा १०५ दिसत असेल तर सेन्सरच काजळीने माखलेला किंवा बिघडलेला आहे, आणि त्याने पुढे सांगितलेल्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असून क्वचितच कोणी करतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

त्यानंतर पूर्ण भाराच्या चाचणीत दाब कसा चढतो ते पाहावे. या वर्गातील बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांत दोन-अडीच हजार आरपीएमवर मॅप २०० ते २४० किलोपास्कलपर्यंत जातो. तो तेथे पोहोचतच नसेल तर गळती किंवा टर्बोच्या नियंत्रणातील दोष समजावा. उशिरा का होईना पोहोचत असेल तर टर्बोच्या पाकळ्या (चाकावर येणाऱ्या वायूची दिशा बदलणारी पाती) जड झालेल्या असू शकतात. आणि झर्रकन वर जाऊन एकदम कोसळत असेल तर पाकळ्या बंद स्थितीत अडकून दाब अतिरिक्त होत आहे. पी०२९९ हा कमी दाबाचा कोड आणि पी०२३४ हा जास्त दाबाचा. लिम्प मोड दोन्हींमुळे येतो, पण कारणे जवळजवळ उलट असतात, म्हणून कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवावा, एवढी शिस्त तरी गॅरेजकडून मागून घ्यावी. एक बारकावा रीमॅप केलेल्या गाड्यांसाठी आहे: ओबीडीच्या सर्वसाधारण भाषेत हा आकडा २५५च्या वर जाऊच शकत नाही. मोबाइलवर २५५ स्थिर दिसत असेल तर खरा दाब त्याहून किती वर आहे ते कंपनीच्या स्कॅनरवरच कळेल.

हवेच्या प्रवाहाचा आकडा, म्हणजे मास एअरफ्लो, याचाही ताळा करता येतो. १.३ लिटरचे इंजिन ३००० आरपीएमवर पूर्ण भारात सेकंदाला साधारण साठ ग्रॅम हवा घेते, १.५ लिटरचे सत्तरच्या आसपास. मॅप व्यवस्थित असून हा आकडा चाळीसवरच थांबत असेल तर सेन्सरची तार मळलेली आहे. कॉम्प्युटर हवा कमी आहे असे समजून धूर टाळण्यासाठी डिझेल कमी सोडतो आणि गाडी ढिली पडते, पण धूर येत नाही. तेल लावलेले कापडी फिल्टर बसवणाऱ्यांच्या गाड्यांत हे विशेष आढळते, कारण त्या तेलाचा थर हळूहळू त्या तारेवर बसतो. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवणाऱ्यांना तर दुहेरी तोटा होतो: आवाज वाढतो, आणि इंजिनाच्या भोवतालची तापलेली हवाच आत ओढली जाते. मूळ डबा, मूळ कागदी फिल्टर, यापेक्षा चांगली व्यवस्था या गाड्यांसाठी मला अजून दिसलेली नाही.

धुराकडेही पाहावे. दाब कमी आणि धूर काळा, तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत निसटते आहे. दाब कमी आणि धूर नाही, तर कॉम्प्युटरने जाणूनबुजून डिझेल आवरले आहे. दाब पुरेसा असून जोर नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच्या बाजूला वळावे.

गळती

सर्वांत अधिक सापडणारे कारण टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इनटेकपर्यंत जाणारे रबरी पाइप हे आहे. वर्षानुवर्षे तेलाची वाफ लागून हे रबर आतून मऊ पडते, बाहेरून उष्णतेने तडकते, आणि क्लॅम्पच्या कडेशी एक बारीक चीर तयार होते. थंड असताना आणि दाब नसताना ही चीर मिटलेली असते. गाडी गॅरेजमध्ये उभी करून, हाताने चाचपून, "पाइप ठीक है" असे सांगणारा मिस्त्री खोटे बोलत नसतो. त्या क्षणी पाइप खरोखरच ठीक असतो. घाटात पाइप तापून मऊ होतो, आत वातावरणाच्या दुपटीहून अधिक दाब येतो आणि चीर उघडते.

म्हणून ही तपासणी दाब देऊनच करावी लागते. टर्बोच्या प्रवेशाशी पाइप सोडवून तेथे घट्ट बसणारे झाकण लावावे, झाकणात टायरचा वॉल्व्ह बसवलेला असावा, आणि कॉम्प्रेसरने हळूहळू एक बारपर्यंत हवा भरावी. त्याहून अधिक नको, कारण सीलना इजा होऊ शकते. इंजिन थांबले असेल त्या स्थितीनुसार थोडी हवा वॉल्व्हवाटे आत निघून जाते, त्यामुळे दाब हळूहळू उतरणे स्वाभाविक आहे. सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की गळती बुडबुड्यांनी दिसते. शक्य असल्यास गाडी नुकतीच चालून गरम असताना हे करावे. ज्या गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र आहे तेथे काम सोपे होते, पण त्या यंत्राचा दाब फार कमी असल्यामुळे केवळ दाबाखाली उघडणारी चीर त्याला कधीकधी सापडत नाही. पाइपांच्या खालच्या बाजूस, जेथे नजर जात नाही, तेथे तेलकट धूळ चिकटलेली असेल तर शोध तेथूनच सुरू करावा.

पाइप बदलताना बाजारात मिळणारा रेडिएटरचा रबरी पाइप कापून बसवण्याची जी पद्धत आहे ती टाळावी. तो पाइप पाण्यासाठी केलेला असतो, तेल लागताच फुगतो. निळ्या-लाल रंगाचे सिलिकॉन पाइप उष्णता चांगली सोसतात, पण आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर नसेल तर त्यांतूनही तेल पाझरते. मूळ पाइप महाग वाटला तरी तोच घ्यावा, आणि साध्या स्क्रूच्या क्लॅम्पऐवजी रुंद टी-बोल्ट क्लॅम्प वापरावा. इंटरकूलर स्वतःही तपासावा. प्लास्टिकच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्याला जेथे दाबून बसवलेल्या असतात तेथे तो फुटतो. निमाडातील काळ्या मातीची धूळ आणि किडे यांनी त्याच्या पात्या बुजलेल्या असतील तर मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने त्या धुवाव्यात. गाडी धुण्याच्या सेंटरवरील जोरदार फवाऱ्याने त्या वाकतात आणि अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते.

टर्बो, ईजीआर आणि काजळी

गळती नसेल तर टर्बोच्या नियंत्रणाकडे यावे. "टर्बो बैठ गया" हे वाक्य मात्र सहजासहजी स्वीकारू नये, कारण नवा टर्बो बसवल्यानंतरही दोष तसाच राहिलेल्या गाड्या कमी नाहीत. ज्या टर्बोत पाकळ्यांचा कोन बदलतो, त्यातील दांडी बहुधा व्हॅक्यूमने हलते. व्हॅक्यूम पंपापासून सोलेनॉइडपर्यंत (विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हपर्यंत) आणि तेथून दांडी हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरपर्यंत जाणारी पेन्सिलीहून बारीक नळी इंजिनाच्या उष्णतेत कडक होऊन टोकाशी तडकते. शंभर-दोनशे रुपयांची ही नळी हजारो रुपयांच्या टर्बोचे नाव बदनाम करते. इंजिन सुरू करताच दांडी आत ओढली जाते का आणि बंद करताच सुटते का हे दुसऱ्या माणसाने बॉनेटशी उभे राहून पाहावे. हाताचा व्हॅक्यूम पंप असेल तर दांडी संपूर्ण अंतर सलग, न अडखळता सरकते का आणि व्हॅक्यूम टिकून राहतो का हे कळते. दांडी अर्ध्यावर अडखळत असेल तर आत पाकळ्यांवर काजळी बसली आहे. स्थिर टर्बोत पाकळ्या नसतात, तेथे वेस्टगेट (जास्तीचा वायू चाकाला वळसा घालून सोडणारे झाकण) पूर्ण मिटते की नाही एवढेच पाहायचे.

टर्बोची फिरणारी मुख्य दांडी, म्हणजे शाफ्ट, हाताने हलवून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: आडवी किंचित हालचाल असणे नैसर्गिक आहे, कारण ती तेलाच्या पातळ थरावर फिरते, पुढे-मागे हालचाल मात्र असता कामा नये, आणि पाते घराच्या भिंतीला घासल्याच्या खुणा नसाव्यात. पाइपात तेलाचा ओलसर थर दिसणे हेही दोषाचे लक्षण नव्हे. इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघाले तर विचार करावा.

ईजीआर वॉल्व्हचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो दिसतो एका जागी आणि त्रास देतो दुसऱ्या जागी. जळलेल्या वायूचा काही अंश पुन्हा इनटेकमध्ये सोडून ज्वलनाचे तापमान उतरवणे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणे हे त्याचे काम आहे. शहरातील छोट्या फेऱ्यांत, थंड इंजिनावर, ही काजळी क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेशी मिसळते आणि इनटेकच्या आत डांबरासारखा थर बसतो. काही गाड्यांत मॅनिफोल्डचे तोंड निम्म्यापर्यंत बुजलेले सापडते. वॉल्व्ह या थरामुळे थोडा उघडा राहिला तर पूर्ण भारातही जळलेला वायू आत येत राहतो. ताज्या हवेची जागा तो अडवतो, शिवाय टर्बोच्या चाकाकडे जाणारा वायू आधीच वळवला गेल्यामुळे टर्बोला फिरवणारी ऊर्जाही कमी पडते. परिणामी स्कॅनरवर पी०२९९ उमटतो, आणि ईजीआरचा दोष टर्बोच्या माथी मारला जातो. तपासणी सोपी आहे: वॉल्व्ह उतरवून साफ करावा, तो पूर्ण मिटतो हे दिव्यासमोर धरून पाहावे, आणि मग घाटाची नोंद पुन्हा घ्यावी.

साफसफाई हातानेच, भाग उतरवून करावी. चालू इंजिनात इनटेकवाटे फवारा मारण्याची जी सेवा विकली जाते ती डिझेल इंजिनासाठी मला धोक्याची वाटते. सुटलेला काजळीचा तुकडा सिलिंडरमध्ये जाऊ शकतो, आणि ज्वालाग्राही द्रव्य हवेबरोबर आत गेले तर डिझेल इंजिन अ‍ॅक्सिलरेटरला न जुमानता धावू लागते. ईजीआरच्या वाटेत पत्रा घालून ती बंद करणे हा प्रकारही गॅरेजांत सर्रास चालतो. त्याने इनटेक स्वच्छ राहतो हे खरे, परंतु प्रदूषण-नियंत्रणाची व्यवस्था निकामी होते, पी०४०१ हा कोड येतो, तो दडपण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये आणखी ढवळाढवळ होते, आणि पुढे खरा दोष शोधणाऱ्याला कोणत्याच आकड्याचा आधार राहत नाही. हे करू नये असेच माझे मत आहे. एक्झॉस्टमधील कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) काढून टाकण्याबाबतही तेच. तो तुंबला असेल तर आधी त्याच्या इंजिनाकडील बाजूचा दाब मोजावा, तुंबण्याचे कारण दूर करावे आणि नवा बसवावा.

लिम्प मोड आल्यावर गाडी तत्काळ बंद करण्याची घाई होते, ती टर्बोला घातक असते. चढावरून आलेला टर्बो लालबुंद झालेला असतो आणि इंजिन थांबताच त्याचा तेलपुरवठा तुटतो. एक-दोन मिनिटे मोकळे चालू द्यावे, मग किल्ली फिरवावी.

डिझेल

कॉमन रेलमधील (सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब इंजिन भाराविना नुसते चालू असताना साधारण २५० ते ३०० बार असतो आणि पूर्ण भारात, त्या पिढीच्या इंजिनांत, १४०० ते १६०० बारपर्यंत चढतो. मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. प्रत्यक्ष दाब मागे पडत असेल, पी००८७ हा कोड असेल, तर सर्वांत आधी डिझेल फिल्टर आणि त्याच्या तळाशी साठलेले पाणी पाहावे. पावसाळ्यानंतर हे पाणी आवर्जून काढावे. फिल्टर नवा असूनही दाब पडत असेल तर इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून ठरावीक वेळ इंजिन चालवावे; एखादी बाटली इतरांपेक्षा लवकर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. पंप बदलण्याचा निर्णय या चाचणीआधी घेऊ नये. बाटल्यांतून मिळणारे इंधन-सुधारक द्रव या दोषावर उपाय नाहीत.

इंजिनाबाहेरची कारणे

क्लच घसरत असेल तर इंजिनाने दिलेली ताकद चाकांपर्यंत जातच नाही. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता आरपीएम चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. रीमॅपनंतर पहिल्या दोन-चार महिन्यांत क्लच गेल्याच्या तक्रारी येतात. जुन्या प्लेटवर वाढीव टॉर्क (फिरवण्याचा जोर) टाकल्यावर दुसरे काही होणे कठीणच होते.

टायरचा आकार हाही असाच दुर्लक्षित विषय आहे. २१५/६० आर१६ या मूळ टायरऐवजी गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून २३५/६५ आर१६ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे ६६४ मिलिमीटरवरून ७१२ मिलिमीटरवर जातो. प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी लांब होतो, चढावर ओढण्याचा जोर तेवढाच कमी होतो, आणि वर चाकाचे वजनही वाढते. रीमॅपने मिळवलेल्या टक्क्यांपैकी निम्मे तेथेच खर्ची पडतात. घासणारे ब्रेक आणि कायम बसवलेला कॅरिअर यांबद्दल वेगळे सांगायला नको.

आता ताकद वाढवण्याविषयी

वरील सर्व पाहून झाल्यावर, दाब मागणीप्रमाणे मिळतो आहे, रेल मागे पडत नाही, क्लच पकडतो आहे, तेलाची पातळी स्थिर आहे आणि घाटातील नोंद स्वच्छ आहे, अशी खात्री झाली की बऱ्याच मालकांची रीमॅपची इच्छाच मावळते, कारण गाडी पुन्हा नवी असतानाप्रमाणे ओढू लागलेली असते. ज्यांची मावळत नाही त्यांनी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

ट्यूनिंग बॉक्स हा सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसतो आणि रेलचा दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचे भासवून कॉम्प्युटरला अधिक दाब मागायला लावतो. काढून टाकणे सोपे, हा त्याचा गुण. पण कॉम्प्युटरला खोटी माहिती देऊन काम करवून घेतल्यामुळे त्याची सुरक्षा-गणिते चुकतात, आणि दोष शोधताना स्कॅनरवरील आकडाही खोटाच दिसतो. जुन्या गाडीसाठी मी तो सुचवत नाही. रीमॅपमध्ये डिझेल, दाब, टॉर्कची मर्यादा आणि धुराची मर्यादा यांचे तक्ते एकत्र बदलता येतात, म्हणून तो अधिक जबाबदारीने करता येतो, अर्थात करणारा जबाबदार असेल तर. टर्बो डिझेलमध्ये वीस-पंचवीस टक्के वाढीचे दावे असतात. लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनासाठी दहा-पंधरा टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे आहे. अठराशे आरपीएमच्या खाली टॉर्क फार वाढवू नये, कारण कमी फेऱ्यांवर सिलिंडरमधील वाढीव दाब कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि ड्युअल मास फ्लायव्हील यांच्यावर सर्वांत जास्त येतो. आणि मे महिन्यातील घाट हीच कसोटी ठेवावी. डिसेंबरच्या सकाळी बायपासवर घेतलेली चाचणी फारसे काही सांगत नाही.

टर्बो नसलेल्या पेट्रोल एसयूव्हीच्या मालकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या इंजिनाला इंदूरच्या उंचीवर समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के हवा कायमच कमी मिळते, रीमॅपने त्यांच्या पदरात जेमतेम तेवढेच टक्के पडतात, आणि त्या खर्चात स्पार्क प्लग, कॉइल आणि थ्रॉटल बॉडीची साफसफाई होऊन काही रक्कम उरते.

कायद्याची बाजू टाळता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बीएस-४ डिझेल गाडीच्या धुराची पीयूसीमधील मर्यादा ५० हार्ट्रिज एकके, म्हणजे १.६२ प्रति मीटर, इतकी आहे. रीमॅपनंतर चढावर मागे काळा लोट दिसत असेल तर इंजिनात हवेच्या मानाने डिझेल अधिक जाते आहे, आणि ती काजळी पुन्हा त्याच ईजीआरमध्ये व टर्बोच्या पाकळ्यांवर बसणार आहे. वॉरंटी या वयाच्या गाडीला बहुधा उरलेलीच नसते, परंतु विमा असतो, आणि न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर आल्यावरच पुढे जावे.

काम करवून घ्यायचे ठरलेच तर गाडीतील मूळ फाइल आधी वाचून तिची प्रत स्वतःकडे घ्यावी, बदलाआधीची आणि नंतरची पूर्ण भाराची नोंद मागावी, आणि कोणते कोड दडपले आहेत हे लिहून घ्यावे. यांपैकी मूळ फाइल देण्यास जो नकार देतो, त्याच्याकडून गाडी तशीच परत आणावी.